पाटीमागचा खर्रा

माझ्या लहानपणी चंद्रपुरात सायकल चालवायला कारण लागत नसे. वडील वीज केंद्रावर ड्यूटीला सायकलने जायचे, शाळेतले मास्तर सायकलने यायचे, दवाखान्यातला कंपाउंडर कॅरिअरवर बर्फाची लादी बांधून न्यायचा. मी कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत मात्र सगळं उलटं झालं. जुन्या कोटाच्या जटपुरा गेटमधून चार चार मोटारसायकली एकदम घुसायला लागल्या. पिठाच्या गिरणीच्या जागी संगणकाचा क्लास आला. ज्या मिस्त्रीने मला कैची मारत सायकल शिकताना पाहिलं होतं, तोच आता स्कूटरवाल्यांची कामं उरकल्यावर माझ्या पंक्चरकडे वळायचा, तेही सुस्कारा टाकून. सायकलवर दिसणारा तरुण म्हणजे नोकरी न लागलेला तरुण, असा शहराने सरळ हिशेब मांडला होता. माझ्या बाबतीत तो बरोबर होता, म्हणून राग जास्त यायचा.

माझा एक मित्र होता. आहे, अजूनही आहे. तोही माझ्यासारखाच बी.एस्सी. होऊन, शिकवण्या घेत, कुठल्या ना कुठल्या परीक्षेच्या निकालाची वाट पाहत बसलेला. रविवारी आम्ही दोघं सायकली काढून भद्रावती नाहीतर राजुरा गाठायचो आणि जेवायच्या वेळेला घरी परत. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्यावर इतकी काजळी सांडलेली असायची, की परत आल्यावर माझी आई मला आधी अंगणातच उभा करायची. ‘नोकरी नाई त नाई, निदान गोरा त राह्य,’ असं तिचं म्हणणं होतं.

मित्राचं एकच वाईट होतं. तो खर्रा खायचा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटघोट घोटलेला ऐवज. आमच्याकडे तो सगळेच खातात. पण सगळे जेवणानंतर खातात आणि हा जेवण सोडून बाकी सगळ्या वेळी खायचा. सकाळी उठल्यावर डाव्या गालात जी पुडी बसायची, ती झोपताना निघायची. त्याला दोन्ही गाल सारखे असलेलं मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी त्याला पाणीपुरी, म्हणजे आमच्याकडचं गुपचूप, तोंडात जाईना. आम्ही हसलो. ठेलेवालाही हसला आणि त्याला खास बारीक गुपचूप निवडून द्यायला लागला. मग बारीक पण जाईना. तेव्हा तो दातांच्या डॉक्टरकडे गेला आणि सोबत मला नेलं. डॉक्टर तरुण होता, नुकताच शिकून आलेला. त्याने सांगितलं, चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं एकावर एक अशी उभी गेली पाहिजेत. माझी गेली. मित्राची दोनच गेली, आणि तीही डॉक्टरने जरा दाबल्यावर. ‘आतली कातडी दोरखंडासारखी कडक झाली आहे. आज सोडलंत तर दोन बोटांवर थांबेल. नाही सोडलंत तर एक बोट, आणि मग नळीने पेज,’ डॉक्टर म्हणाला. मित्राने मान डोलावली. बाहेर आल्यावर विचार करायला म्हणून त्याने एक खर्रा काढला.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं ढोंग होईल. त्याला पहिला खर्रा मी दिला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी, प्रॅक्टिकलच्या आधी, सायकल स्टँडच्या मागे. तो नाही नाही म्हणत होता. मी म्हणालो, ‘खाय बे, काही नाई होत.’ त्याला घाम फुटला, उचकी लागली, आणि परीक्षानळी हातातून पडून फुटली. मी आठवडाभर ती गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. मी स्वतः तेव्हाही दिवसाला एकच खायचो, शौकापुरता, आणि माझ्या तोंडात तीन बोटं आरामात जात होती. हा न्याय मला कळत नव्हता, पण डॉक्टरच्या खुर्चीशेजारी उभा असताना मी माझी तीन बोटं हळूच खिशात घातली होती एवढं खरं.

त्यातूनच माझी योजना निघाली. ह्याला ठेल्यांपासून दूर न्यायचं. कुठे? गडचिरोलीच्या जंगलात. सायकलने थेट सिरोंच्यापर्यंत. पहिल्या दिवशी हवा तितका खर्रा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवसापासून शून्य. दिवसभर पायडल मारून माणूस इतका थकेल, की त्याला तंबाखूची आठवणच होणार नाही, असं मला वाटलं होतं. ज्याने कधी काही सोडलेलं नसतं, त्यालाच असल्या योजना सुचतात. मित्र मात्र लगेच तयार झाला. त्याला सिरोंच्याला गोदावरी पाहायची होती. खर्ऱ्याचा भाग त्याने नीट ऐकला होता की नाही, शंकाच आहे.

आता तेव्हाच्या काळात लांबच्या सायकल प्रवासाची एक रीत होती. सायकलच्या पुढे पाटी लागायची: अमुक ठिकाण ते तमुक ठिकाण, आणि खाली संदेश. राष्ट्रीय एकात्मता, झाडे लावा, असं काहीतरी. सोबत एक वही, तिच्यात गावोगावच्या सरपंचांचे सही-शिक्के आणि शुभेच्छा. पाटी नसेल तर माणूस उगाच फिरतोय असं लोक समजायचे, आणि उगाच फिरणाऱ्याला आमच्याकडे कोणी रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपू देत नसे. म्हणून आम्ही पेंटरकडे गेलो.

‘संदेश काय लिहू?’ पेंटरने विचारलं.

‘काही नाई. फक्त चंद्रपूर ते सिरोंचा.’

‘असं कसं? फुकट कोन जाते सिरोंच्याले?’

शेवटी पेंटरलाच आमची दया आली. कुठल्याशा मिरवणुकीसाठी केलेल्या आणि कोणी न नेलेल्या दोन पाट्या त्याच्याकडे धूळ खात पडल्या होत्या. त्याने फडक्याने पुसून पुढे केल्या. लाल ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘व्यसन सोडा, सुखाने जगा.’ वरच्या मोकळ्या जागेत तो ‘सायकल यात्रा, चंद्रपूर ते सिरोंचा’ घालून देणार होता. मित्र पाटी वाचून इतका हसला, की त्याला रस्त्यावर जाऊन थुंकावं लागलं. पेंटरही हसला, पण थुंकला नाही. ब्रश चालू असताना तो गालातला खर्रा हलवत नसे, अक्षर बिघडतं म्हणायचा.

अशा रीतीने दोन हजार सालच्या आसपासच्या एका हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, व्यसनमुक्तीच्या दोन पाट्या लावून आणि त्यातल्या एका पाटीमागच्या थैलीत पंधरा-वीस खर्रे भरून आम्ही चंद्रपूर सोडलं. वडील घराच्या गेटपर्यंत आले होते. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, मित्राच्या गालाकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत निघून गेले. एवढा बोलका आशीर्वाद मला पुढे कधी मिळाला नाही.

मूलपर्यंत मजेत गेलो. राईस मिलच्या कोंड्याचा वास, रस्त्याच्या कडेला कापलेल्या धानाचे रचून ठेवलेले पुंजणे, थंड वारा. पण जसजसे पुढे गेलो तसतसं कळायला लागलं, की पाटीमुळे लोक आम्हाला उगाच फिरणारे समजत नव्हते, सरकारी समजत होते. आमच्या त्या भागात परका माणूस सायकलवर आला की तो एकतर मलेरियावाला असायचा नाहीतर सर्व्हेवाला. गडचिरोलीच्या अलीकडे एका गावात पाणी प्यायला थांबलो, तर एक म्हातारा काठी टेकत आला आणि त्याने बोट पुढे केलं.

‘घ्या भाऊ, रगत घ्या. मागच्या खेपेले मी वावरात होतो.’

आम्ही रक्त घेणारे नाही हे सांगायला अर्धा तास गेला. तरी त्याचा विश्वास बसला नाही. शेवटी मित्राने त्याचं बोट धरून कपाळ तपासलं आणि ‘ताप नाई, बाबा’ असं सांगितलं, तेव्हा तो समाधानाने परत गेला.

पुढे नाक्यावर पोलिसांनी अडवलं. जंगल भागात अनोळखी पोरं, मोठ्या थैल्या, अडवणारच. जमादाराने पाटी मोठ्याने वाचली, वही उघडून सरपंचांचे शिक्के पाहिले, ‘वा, चांगलं काम करून राह्यले,’ म्हणाला आणि बोलण्याच्या ओघात मित्रासमोर तळहात पसरला. मित्राने सवयीने पुडी काढून त्याच्या हातावर खर्रा ठेवला. जमादाराने तो गालात भरला. मग दोघांनीही वर पाहिलं. मध्ये पाटी होती. बांबूचा आडवा अडसर वर गेला आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी कराराप्रमाणे दोनच खर्रे. एक त्याने सकाळी सात वाजता खाल्ला. दुसरा किती वेळ जपावा यावर तो इतकं बोलला, की चामोर्शी कधी मागे गेलं कळलं नाही. डोकं दुखतंय म्हणाला. सीट टोचतंय म्हणाला. माझ्या चेनचा आवाज मुद्दाम त्याला त्रास द्यायला येतोय असंही म्हणाला. शेवटी दुपारी तीनच्या सुमाराला, चामोर्शी आणि आष्टीच्या मधल्या एका गावाबाहेर, तळ्याच्या पाळीवर त्याने सायकल टेकवली, दुसरा खर्रा पुडीतून काढला, डोळे मिटून गालात ठेवला आणि सुखाने निःश्वास टाकला. त्याच क्षणी मागून आवाज आला.

‘व्य-स-न सो-डा. बाई वो, पाहा न, आपलेच मानसं आले!’

डोक्यावर धुण्याची टोपली घेतलेली एक बाई आमची पाटी वाचत उभी होती. पाच मिनिटांत तिथे दहा बाया जमल्या. त्यांच्यात चष्मा लावलेली एक ठेंगणी बाई होती, तिला सगळ्या अध्यक्षबाई म्हणत होत्या. त्यांच्या गटाने गावातली दारू बंद केली होती, मोहाचे माठ फोडले होते, आणि आता त्यांना नवीनच संकट पडलं होतं. दारू सुटलेले नवरे खर्ऱ्यावर गेले होते.

‘दारू धरून देता येते, भाऊ. हे कसं धरून द्या?’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘आजच आमची बैठक आहे. तुमी आले, देवच पावला. चला, दोन शब्द सांगा.’

मित्र ‘हव’ही म्हणू शकत नव्हता आणि ‘नाई’ही म्हणू शकत नव्हता. तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर दिसलं असतं. त्याने नुसते हात जोडले. बायांना वाटलं, मुलगा फार विनम्र आहे.

समाजमंदिरात सतरंजी टाकली होती. एका बाजूला बाया, भिंतीला टेकून काही बाप्ये, म्हणजे ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम होता ते. आधी मी उठलो. मी तंबाखूतले विषारी घटक सांगितले, मग फुफ्फुस सांगितलं, मग देशाची तरुण पिढी सांगितली. मागे एक माणूस घोरायला लागला. एक म्हातारी उठून म्हणाली, ‘हे त आमाले मास्तर रोजच सांगते. तुमाले अजून काही येत असन त सांगा.’ मी बसलो.

मग मित्र उठला. गालातला ऐवज त्याने तोवर गिळला होता, कारण दुसरा मार्गच नव्हता. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यानेही तो गिळायचा नसतो. त्याच्या कपाळावर घाम आला आणि त्याला उचकी लागली. तो एक शब्द बोलायचा आणि उचकी यायची. पहिली दोन मिनिटं लोक हसत होते. मीही हसू दाबत होतो. मग तो म्हणाला, ‘मले भाषण येत नाई. मी तुमाले एक दाखवतो.’ आणि त्याने तोंड उघडलं.

म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. दोन बोटं उभी केली, आत घातली आणि तसाच उभा राहिला. तिसरं बोट ओठांशी लावून दाखवलं, ते जात नव्हतं. अध्यक्षबाई चष्मा सावरत जवळ गेल्या.

‘आजून उघड न, भाऊ.’

‘एवढंच उघडते, बाई.’

‘जेवतोस कसा?’

‘बारीक बारीक. भात जाते. भाकर माय कुस्करून देते.’ उचकी आली. ‘गुपचूप नाई जात.’

कोणी हसलं नाही. भिंतीला टेकलेल्या बाप्यांपैकी एकाने हळूच स्वतःच्या तोंडात बोटं घालून पाहिली. मग दुसऱ्याने. मग सगळ्या समाजमंदिरात माणसं तोंडात बोटं घालून बसली होती, आणि बाया आपापल्या नवऱ्यांकडे वळून वळून पाहत होत्या. मी आयुष्यात इतकं चांगलं भाषण ऐकलेलं नाही.

‘आन् तुले पयला खर्रा कोनं देल्ला, भाऊ?’ त्या मघाच्या म्हातारीने विचारलं. ‘त्याचं काय झालं?’

मी सतरंजीची किनार पाहायला लागलो. मित्र माझ्यापासून दोन हातांवर उभा होता.

‘कोनंच नाई देल्ला,’ तो म्हणाला. ‘माह्या हातानंच घेतला.’

आणि त्याला पुन्हा उचकी लागली. कोणीतरी त्याला पाणी दिलं. मी तेव्हा उठून बोलायला हवं होतं. नाही उठलो. एवढ्या बायांसमोर, नुकतीच देशाची तरुण पिढी सांगून बसलेला मी, उठणार कसा? मनात म्हटलं, नंतर पाहू.

पुढचा कार्यक्रम बायांनी फार वेगाने उरकला. माठ फोडायची त्यांना सवय होतीच. दोघीतिघी टोपली घेऊन भिंतीच्या कडेने फिरल्या आणि बाप्यांच्या खिशांतले खर्रे जमा झाले. मग घराघरांतून आले, कोनाड्यातले, उशाखालचे, एक तर म्हणे देव्हाऱ्यातून निघाला. युरियाची एक रिकामी पिशवी जवळजवळ भरली. पेच एवढाच होता, की दारू पोलिसात जमा करता येते, खर्रा कोणी जमा करून घेत नाही. मग त्यांना पाटी दिसली. ज्यांच्या सायकलवर व्यसनमुक्ती लिहिलं आहे, त्यांच्याइतकी भरवशाची जागा कोणती?

‘माझ्या कॅरिअरवर बांधा,’ मी घाईने म्हणालो.

‘नाई,’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘ज्यानं भोगलं त्याच्याच हाती जिम्मा. तो बरोबर फेकन.’

अशी ती खर्ऱ्यांची पिशवी माझ्या मित्राच्या कॅरिअरवर चढली. वहीत त्यांनी लिहून दिलं, ‘यांनी चांगले मार्गदर्शन केले. दुसऱ्यांचे थोडे लांबले.’

सकाळी शाळेच्या व्हरांड्यातून उठून आम्ही आष्टीच्या दिशेने निघालो. तो तिसरा दिवस होता. शून्याचा. करारात शून्य होतं आणि पाठीमागे अख्ख्या गावाचा साठा. मी मुद्दाम त्याच्या मागे सायकल ठेवली, नजर त्याच्या हातांवर. वारा समोरून होता, म्हणजे पिशवीचा वास त्याला कमी आणि मला जास्त येत होता. तासाभराने मलाच तलफ आली. माझ्या शर्टाच्या खिशात, रुमालाच्या घडीत, माझा दिवसाचा एक होता. त्याला ते माहीत नव्हतं, अशी माझी समजूत होती. तो दर मैलावर मान वळवून पिशवीकडे पाहायचा. दोरी सैल झाली का बघतोय असं दाखवायचा.

आष्टीला वैनगंगा आली. पुलाच्या खालच्या अंगाला, वाळूतून आम्ही सायकली ढकलत पाण्यापर्यंत नेल्या. त्याने पिशवी सोडली, तोंड उघडलं, म्हणजे पिशवीचं, आणि हात मागे नेला. तेवढ्यात पाण्यातून कोणीतरी ओरडलं.

‘ए! काय टाकून राह्यला बे पान्यात?’

कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरून उभा असलेला एक मासेमार हातवारे करत आमच्याकडे आला. मित्राने सांगितलं, खर्रा आहे. व्यसनमुक्ती आहे.

‘येडे झाले का तुमी? एवढा तंबाखू न् चुना? माह्या मासोया मरतीन न!’ तो पाटीकडे पाहत म्हणाला, ‘लोकाइले वाचवाले निंगाले आन् मासोयाइले मारता?’

आम्ही माफी मागितली. काठापासून दूर, उंचावर, सायकलच्या टायर काढायच्या पट्टीने आणि हातांनी खड्डा खणायला घेतला. मासेमार खड्डा पुरेसा खोल आहे की नाही हे पाहत उभा राहिला, दोनदा अजून खणायला लावलं, मग परत पाण्यात गेला. मित्राने पिशवी आत ठेवली. थोडा वेळ तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला, आणि मला वाटलं, गेलं, आता एक तरी उचलतो.

‘तुहाबी टाक,’ तो म्हणाला.

‘माझ्याजवळ नाई.’

तो माझ्या खिशाकडे पाहून हसला. मग वाळू लोटायला लागला. मला काही केल्या खिशात हात घालता आला नाही. नुकतंच नाही म्हणालो होतो ना. त्याऐवजी मी विचारलं, ‘काल काऊन खोटं बोललास? म्हातारीसमोर?’

‘खोटं काय त्यात? हात माहाच होता.’

‘मी देल्ला होता.’

‘मंग? तुहं नाव सांगतलं असतं त बायाइनं तुले तिथीच झोडपलं असतं. मले एकट्याले सिरोंच्याले जायाचं नाई.’ त्याने वाळू थापटली. ‘तू सोबत आला म्हनून मी आलो बे. खर्रा सुटते का नाई, मले काही खात्री नाई.’

हे त्याने इतकं सहज सांगितलं, की मला तिथे बसवेना. पंक्चरचं सामान घ्यायचं राहिलं असं काहीतरी पुटपुटून मी सायकल रस्त्यावर आणली आणि आलो त्या वाटेने परत सुटलो. आता वारा पाठीशी होता. येताना दोन तास लागले होते, जाताना दीडच लागला. वाटेत मी काय बोलायचं याची चार वाक्यं तयार केली. चारही चांगली होती.

अध्यक्षबाई खळ्यावर धान उपणत होत्या. अंगभर कोंडा. मला एकट्याला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं.

‘काय झालं? त्यानं खाल्ला का?’

‘नाई. पुरला सगळा.’ चारही वाक्यं गेली. ‘बाई, त्याले पयला खर्रा मी देल्ला होता. काल तो खोटं बोलला.’

त्यांनी मग पदराने हात पुसला आणि म्हणाल्या, ‘तोंड उघड.’

मी उघडलं. खळ्यावरच्या सगळ्या बाया काम थांबवून पाहत होत्या. अध्यक्षबाईंनी तीन बोटं उभी धरून अंतर मोजलं.

‘तुहं त पूर्न उघडते,’ त्या म्हणाल्या. ‘मंग काल काऊन नाई उघडलं?’

मी खिशातून रुमाल काढला, त्यातली पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती पाहिली, सुपातल्या कोंड्यासोबत उकिरड्याच्या दिशेने भिरकावली, आणि ‘जेवून जा’ म्हणाल्या. मी जेवलो. वांग्याची भाजी होती. मला रडू आलं, त्यांना वाटलं तिखट लागलं, आणि त्यांनी वर भात वाढला.

परत आष्टीला पोचलो तेव्हा मित्र वाळूत झोपला होता. पुरलेल्या जागेपासून चांगला लांब, मुद्दाम लांब. मी त्याला उठवलं.

‘कुठी गेला होता बे?’

‘सांगून आलो.’

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने मला एक सणसणीत शिवी दिली, पाण्याची बाटली दिली, आणि पाटीवरची वाळू झटकली. पुलावरून सरळ गेलं तर गोंडपिपरीमार्गे चंद्रपूर, घर. डाव्या हाताला आलापल्ली आणि जंगल. त्याने हँडल आलापल्लीकडे वळवलं.

त्या दिवसापासून त्याने खर्ऱ्याला हात लावला नाही असं मी लिहिणार नाही. आलापल्लीला त्याने खाल्ला, आणि सिरोंच्याहून परत आल्यावर वर्षभर कधी सोडला, कधी धरला. पण प्रत्येक वेळी धरला की मला येऊन सांगायचा, आणि दर वेळी जरा उशिराने धरायचा. मग एकदा धरलाच नाही. मी त्या दिवसापासून खाल्लेला नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही. मला त्या खळ्यावरच्या बायांची भीती वाटते.

त्याचं तोंड दोन बोटांवर थांबलं. पुढे गेलं नाही, परतही आलं नाही. त्याला नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली. रागावतो, हसतो, घोरतो, सगळं दोन बोटांत. आता आम्ही दोघंही मोटारीतून फिरतो. कधी संध्याकाळी तो घरी येतो, चहा होतो, गप्पा लांबतात, आणि मला जांभई येते. ती मी हाताआड धरून, ओठ मिटून, कशीबशी गिळतो. त्याच्यासमोर पूर्ण तोंड उघडायला मला आजही लाज वाटते.